इयादत म्हणजे परत येणे
जुनाट आजार, सोबत आणि आपले कर्तव्य



आपल्या मोहल्ल्यात कोणी अचानक आजारी पडले की पहिल्या आठवड्यात त्याच्या दारात चपला काढायला जागा उरत नाही. अकोल्याहून मामा येतात, परतवाड्याहून मावशी येते, मस्जिदीतले सोबती जुम्म्याच्या नमाजनंतर परस्पर तिकडेच वळतात. फळांच्या पिशव्या जमतात, दुआ होतात, डॉक्टरांची नावे सुचवली जातात. दुसऱ्या महिन्यात येणारे निम्मे होतात. आजार सहा महिने टिकला तर फक्त जवळचे नातलग येतात. आणि तो आजार कायमचा मुक्कामाला आला तर दुसऱ्या वर्षी त्या दारावर सहसा थापच पडत नाही.

हे आपण दुष्टपणाने करतो असे नाही. आपली समजूत अशी झाली आहे की इयादत ही एक भेट आहे. ती एकदा दिली की कर्तव्य संपले. पण मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, लकवा, सिकलसेल, दमा, संधिवात हे आजार एका भेटीत संपत नाहीत. मग एका भेटीत आपले कर्तव्य तरी कसे संपेल? या लेखात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

शब्दातच दडलेली शिकवण

‘इयादत’ हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला आहे त्याचा अर्थ ‘परतणे, पुन्हा येणे’ असा आहे. दरवर्षी परतून येणाऱ्या ‘ईद’चा धातूही भाषातज्ज्ञ हाच सांगतात. म्हणजे रुग्णभेटीसाठी आपल्या धर्माने जो शब्द रूढ केला, त्यातच पुन्हा पुन्हा जाणे अभिप्रेत आहे. एकदा जाऊन येणे ही इयादतची सुरुवात झाली. परत जाणे ही खरी इयादत.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमध्ये एका मुस्लिमाचे दुसऱ्या मुस्लिमावर जे पाच हक्क सांगितले आहेत, त्यांत सलामला उत्तर देण्याबरोबर आणि जनाज्यासोबत जाण्याबरोबर आजाऱ्याची इयादत आहे. हक्क म्हणजे उपकार नव्हे. आपण रुग्णाकडे जातो तेव्हा त्याचे जे देणे आपल्याकडे आहे ते फेडतो.

सहीह मुस्लिममधील एका हदीस-ए-कुदसीचा आशय असा आहे की कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील, मी आजारी असताना तू माझ्याकडे का आला नाहीस? माणूस गोंधळून जाईल, कारण अल्लाह तर सर्व विश्वांचा पालनकर्ता! तेव्हा त्याला सांगितले जाईल की अमुक एक दास आजारी होता. त्याच्याकडे गेला असतास तर मला त्याच्याजवळच पावला असतास. याच हदीसमध्ये भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी देण्याचाही उल्लेख आहे. तेथे त्या दानाचे फळ अल्लाहजवळ सापडेल असे म्हटले आहे, परंतु रुग्णाच्या बाबतीत अल्लाह स्वतः त्याच्याजवळ सापडेल असे सांगितले आहे. उलमांनी हा फरक आवर्जून दाखवून दिला आहे. ज्या खोलीत औषधांचा वास आहे, जेथे बसायला आपल्याला अवघडल्यासारखे होते, तेथे अल्लाहची निकटता आहे.

आणि ही इयादत केवळ मरणासन्न माणसासाठी नाही. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत जैद बिन अरकम (रजि.) सांगतात की त्यांचे डोळे दुखत असताना प्रेषित मुहम्मद (स.) त्यांना भेटायला आले होते. डोळेदुखीने माणूस दगावत नाही, पण त्याचे दिवस एकाकी होतात. त्या एकाकीपणाचीही प्रेषितांनी (स.) दखल घेतली.

एका दस्तरखानावर

कुरआनच्या सूरह अन्-नूरमधील ६१ वी आयत पाहा. अंधावर, लंगड्यावर आणि आजाऱ्यावर काही दोष नाही, असे सांगून ती आयत आप्तस्वकीयांच्या आणि मित्रांच्या घरी जेवण्याविषयी बोलते. एकत्र जेवा किंवा वेगवेगळे, हरकत नाही, असे सांगते. आणि घरात प्रवेश करताना सलाम करण्याच्या आदेशाने पूर्ण होते. भाष्यकारांनी हिची जी कारणे नोंदवली आहेत, त्यांपैकी एक असे की काही लोक अंध, अपंग व आजारी माणसांसोबत जेवायला संकोचत. तर काही रुग्णच आपल्यामुळे इतरांना किळस येईल, अडचण होईल, या भीतीने पंगतीपासून दूर राहत. अल्लाहने दोन्ही बाजूंचा संकोच दूर केला.

आज आपल्या घरांत काय चालते? लकव्याने ज्यांच्या तोंडातून घास सांडतो त्या दादाजींचे ताट आपण आतल्या खोलीत नेऊन देतो. हेतू चांगला असतो, त्यांना त्रास नको. पण त्या ताटाबरोबर आपण त्यांना घरातल्या गप्पांतून, नातवंडांच्या भांडणांतून, भाजीत मीठ जास्त झाल्याच्या तक्रारीतूनही उठवतो. माणसाला अन्नाइतकीच या तक्रारींचीही गरज असते. सांडलेले पुसता येते. आतल्या खोलीत एकट्याने काढलेली वर्षे पुसता येत नाहीत.

रमजानमध्ये ही गोष्ट अधिक टोचते. कुरआनने (२:१८४-१८५) आजाऱ्याला रोजातून सूट दिली आहे. बरे झाल्यावर रोजे पूर्ण करावेत. ज्याला बरे होण्याची आशाच नाही त्याने फिदिया द्यावा, असे उलमा सांगतात. तरीही इन्सुलिन घेणारा आपला भाऊ किंवा डायलिसिसवरची आपली बहीण इफ्तारच्या वेळी ओशाळून आत बसते. जणू रोजा नसलेल्याला त्या दस्तरखानावर जागाच नाही. वाचकहो, अल्लाहने दिलेली सवलत ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. या रमजानमध्ये तुमच्या घरचा रुग्ण इफ्तारला सर्वांमध्ये बसलेला असेल, एवढे जरी केलेत तरी या आयतीचा हक्क काही अंशी अदा होईल.

तीस वर्षांचे अंथरूण

सहाबांमध्येही दीर्घकाळ आजारी असलेली माणसे होती. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) हे त्यांपैकी एक. त्यांनीच आपल्या व्याधीमुळे प्रेषितांना (स.) नमाजविषयी विचारले होते, आणि उभ्याने पढावी, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर पडून, ही सवलत त्यांच्या त्या प्रश्नामुळे आपल्यापर्यंत पोहोचली. बुखारीत ही हदीस आहे. आज अंथरुणावरून इशाऱ्याने नमाज अदा करणारा प्रत्येक रुग्ण या आजारी सहाबींचा ऋणी आहे.

चरित्रग्रंथांत नोंद आहे की ते पोटाच्या विकाराने सुमारे तीस वर्षे त्रस्त होते. त्यांना भेटायला येणारे एक स्नेही, मुतर्रिफ, एकदा म्हणाले की तुमची ही अवस्था पाहवत नाही, म्हणून भेटीला येणे टाळतो. हजरत इमरान (रजि.) यांनी त्यांना समजावले की असे करू नका, जे अल्लाहला अधिक प्रिय, तेच मलाही अधिक प्रिय आहे.

मुतर्रिफ यांची ती कबुली प्रामाणिक होती. आपणही पुष्कळदा याच कारणाने जात नाही. या ओळी लिहिणाऱ्याच्या गल्लीत एक बुजुर्ग लकव्याने कित्येक वर्षे अंथरुणावर होते. मस्जिदीची वाट त्यांच्या खिडकीखालून जात असे. सलाम केला तर थांबावे लागेल, थांबलो तर त्यांचे अडखळते बोलणे समजून घ्यावे लागेल, म्हणून मी अनेकदा पलीकडच्या कडेने निघून गेलो. त्यांच्या जनाज्यानंतर त्यांच्या मुलाकडून कळले की अस्रच्या अजानआधी ते आवर्जून खिडकी उघडायला लावीत. नमाजला जाणाऱ्यांचे आवाज ऐकू यावेत म्हणून. मला दोन मिनिटे जड झाली होती. ते मात्र दिवसभर त्या दोन मिनिटांची वाट पाहत होते.

सहीह मुस्लिममध्ये हजरत इमरान (रजि.) यांनीच सांगितलेली आणखी एक गोष्ट आहे: त्यांच्या आजारपणात त्यांना सलाम केला जात असे. भाष्यकार सांगतात, तो सलाम फरिश्त्यांचा होता. ज्या माणसाला फरिश्ते सलाम करतात, त्याच्या खिडकीखालून आपण मान खाली घालून निघून जावे?

आजारी माणूस निरुपयोगी नसतो

सोबतीचा एक प्रकार दयेचा असतो. त्यात एक जण देतो आणि दुसरा फक्त घेतो. अशी सोबत फार काळ टिकत नाही, कारण घेणाऱ्याला ती जड होते. दुसरा प्रकार बरोबरीचा. हजरत मुऐकीब (रजि.) यांचे उदाहरण घ्या. त्यांना कुष्ठरोग होता. दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना बैतुलमालची, म्हणजे राज्याच्या खजिन्याची, जबाबदारी दिली होती. ते त्यांना जवळ बसवून जेवत आणि त्यांच्यासाठी वैद्य शोधत. संसर्गापासून सावध राहण्याची शिकवणही हदीसमध्ये आहे आणि ती मोडायची नाही. पण सावधगिरी वेगळी आणि माणसाला माणसांतून उठवणे वेगळे. हजरत उमर (रजि.) यांनी उपचार, अन्न आणि काम ही तिन्ही दिली.

आपल्या वऱ्हाडात या तिहेरी सोबतीचा एक मोठा धडा आपल्या डोळ्यांसमोर आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवन उभे केले. कुष्ठरोग्याला घरातून आणि गावातून घालवून देण्याचा तो काळ होता. विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या या वसाहतीत रुग्णांना औषधाबरोबर शेतीचे आणि हातउद्योगांचे काम मिळाले, शेजार मिळाला. भीक मागणारा हात काम करू लागला आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा हात होता. अचलपूरजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे रुग्णालयही दीर्घकाळ कुष्ठरुग्णांची सेवा करीत आले आहे. शहाणपणाची गोष्ट ही मोमिनची हरवलेली वस्तू आहे, असे आपण मानतो; ती शेजाऱ्याच्या अंगणात सापडली तरी उचलून घ्यावी.

आज कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. २०१९ साली संसदेने कायदा करून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळले. त्यात १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याचाही समावेश होता. कायदा बदलला. आपल्या पंगती बदलल्या का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

रुग्णच रुग्णाचा सोबती

निरोगी माणसाला जे समजावून सांगावे लागते, ते दुसऱ्या रुग्णाला न सांगता कळते. डायलिसिसच्या कोणत्याही खोलीत थोडा वेळ बसून पाहा. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, तीच माणसे शेजारशेजारच्या खाटांवर असतात. कोणी अंजनगावचा असतो, कोणी बाळापूरचा. कोणी मुस्लिम, कोणी हिंदू, कोणी बौद्ध. एक जण आज आला नाही तर बाकीच्यांचे लक्ष दाराकडे लागते. पाणी किती प्यालास, वजन किती वाढले, मुलीचे लग्न कोठवर आले, कापसाला भाव काय मिळाला, या गप्पांत चार तास सरतात. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी आलेले रुग्ण आणि नातलग तेथे उतरतात. आपल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या त्या संताच्या नावाखाली अनोळखी माणसे एकमेकांची आप्त होतात.

रुग्ण बंधू-भगिनींनो, ही सोबत देणे तुमच्या हातात आहे. नव्याने आलेल्या घाबरलेल्या रुग्णाला ‘मी चार वर्षांपासून येतो आहे, बसा’ एवढे सांगणे ही मोठी सेवा आहे. तुम्ही पूर्वीसारखी जमाअतची नमाज गाठू शकत नाही, नफ्ल रोजे ठेवू शकत नाही, म्हणून खंतावू नका. बुखारीतील हदीसचा आशय आहे की माणूस आजारी पडला तरी निरोगी असताना तो जे सत्कर्म करीत असे, ते त्याच्या नावे लिहिले जातच राहते.

विरंगुळा : किती आणि कसा?

काही धर्मनिष्ठ घरांत असा समज असतो की रुग्णाने केवळ तस्बीह हाती घेऊन पडून राहावे; हसणे-खेळणे त्याला शोभत नाही. अल्लाहचे स्मरण अंतःकरणाचा आधार आहेच. पण प्रेषितांचे (स.) जीवन पाहा. एका लहान मुलाचा, अबू उमैरचा, पक्षी मेला तेव्हा ते त्याला त्या पक्ष्याविषयी लाडाने विचारीत. सोबत्यांमध्ये बसून त्यांनी एकदा कोडे घातले की पाने न गळणारे आणि मोमिनसारखे असलेले झाड कोणते? उत्तर होते खजुरीचे. हजरत हन्जला (रजि.) यांना घरी बायकामुलांत रमल्याचा पश्चात्ताप झाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की याचीही वेळ असते आणि त्याचीही.

मुस्लिम इतिहासानेही ही गोष्ट ओळखली होती. उमय्या खलीफा वलीद यांनी चालू न शकणाऱ्यांना सेवक आणि अंधांना वाटाड्या नेमून दिल्याचे इतिहासकार लिहितात. पंधराव्या शतकात सुलतान बायजीद दुसरे यांनी एदिर्ने येथे बांधलेल्या रुग्णालयात रुग्णांना कारंज्याच्या पाण्याचा आवाज, फुलांचा सुगंध आणि सुरांची सोबत मिळत असे, असे प्रवासी एवलिया चेलेबी याने नोंदवले आहे.

म्हणून विरंगुळा वर्ज्य नाही; त्याला मर्यादा आहेत. त्यात जुगार नसावा (कुरआन ५:९०). त्यात कोणाची निंदा नसावी (४९:१२). आजारपणातल्या लांब दुपारी हा धोका फार मोठा असतो. त्यापायी नमाज बुडू नये. फाशांच्या खेळाला हदीसमध्ये मनाई आहे. कॅरमसारख्या खेळांविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा आपल्या आलिमांना विचारावे. पण कोडी घालणे, मुलांना जुन्या गोष्टी सांगणे, भरतकाम, कुंडीतली रोपे, एकमेकांना वाचून दाखवणे, गावाकडच्या आठवणी यांचे दार सताड उघडे आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी

पहिली : वार ठरवा. ‘कधीतरी येईन’ म्हणू नका. ‘दर मंगळवारी अस्रनंतर’ असे म्हणा आणि पाळा. ज्याचे दिवस सारखेच झाले आहेत त्याला तुमचा मंगळवार हा आठवड्याचा खांब होईल.

दुसरी : थोडे बसा. रुग्ण थकला की उठा. आजाराची चौकशी थोडक्यात करा, दुआ करा आणि मग बाकीच्या जगाविषयी बोला. प्रत्येक भेटीत त्याला त्याच्या आजाराचा हिशेब द्यायला लावू नका.

तिसरी : नेण्याआधी विचारा. आपल्याकडे वरुड-मोर्शीची संत्री नेण्याची रीत आहे. पण डायलिसिसच्या रुग्णाला संत्री, केळी, खजूर, नारळपाणी यांतले पोटॅशियम घातक ठरू शकते. मधुमेह्याला मिठाई नको. सिकलसेलच्या मुलाला खेळायला न्याल तर अकोल्याचे ऊन टाळा आणि पाणी सोबत ठेवा. नवा वैद्य, नवी जडीबुटी सुचवू नका आणि चालू औषध बंद करायला सांगू नका.

चौथी : काम मागा. रुग्णाला तुमच्या मुलाची उजळणी घ्यायला सांगा, हिशेब तपासायला द्या, सल्ला विचारा. हजरत मुऐकीब (रजि.) यांना खजिना मिळाला होता, आपल्या दादाजींना नातीच्या कायद्याचा धडा तरी मिळावा.

पाचवी : शुश्रूषा करणारीला विसरू नका. बद्रच्या वेळी प्रेषितांच्या (स.) कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. त्यांचे पती हजरत उस्मान (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) त्यांच्या सेवेसाठी घरी थांबवले आणि बद्रमध्ये सहभागी झालेल्यांएवढाच मोबदला व वाटा त्यांना दिला. आपल्या घरात जी सून किंवा मुलगी वर्षानुवर्षे रात्री उठून कूस बदलून देते, ती कोणत्या दर्जाचे काम करते आहे हे यावरून समजावे. आठवड्यातून दोन तास तुम्ही तिच्या जागी बसा आणि तिला माहेरी, बाजारात किंवा नुसते झोपायला जाऊ द्या.

सहावी : शेजारी मुस्लिम नसला तरी जा. प्रेषितांची (स.) सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याच्या उशाशी बसले होते. ही घटना बुखारीत आहे.

वाचकहो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक नाव आठवा. जिच्या किंवा ज्याच्या आजाराला वर्ष उलटून गेले आहे आणि ज्यांच्याकडे तुम्ही पहिल्या आठवड्यात गेला होता, असे एक नाव. तेथे परत जा. इतके दिवस का आला नाहीत याचे कारण सांगत बसू नका. सलाम करा, बसा आणि निघताना पुढचा वार सांगून या.

अल्लाह आपल्या सर्व रुग्णांना शिफा देवो, दीर्घ आजारात सब्र देवो आणि आपल्याला त्यांच्या दारी परत परत जाण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.